आग लागलीच नव्हती

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्यांना सगळे 'लाँड्रीवाले' एवढंच म्हणतात. त्यांची बायको त्यांना समोर 'अहो' म्हणते आणि ते दुकानाच्या मागच्या खोलीत गेले की 'आमचे शंकासुर'. दुसरं नाव जास्त शोभतं.

त्यात त्यांचा दोष कमी, धंद्याचा जास्त. डाग पडलेला कपडा घेऊन येणारा माणूस सहसा खरं बोलत नाही. "नुसतं पाणी सांडलंय हो," असं म्हणत कुणी शर्ट पुढे सरकवतो. लाँड्रीवाले तो उजेडात धरतात, नाकाशी नेतात, डागाची कड नखानं खरवडतात आणि शांतपणे विचारतात, "पाण्याला दारूचा वास कधीपासून यायला लागला?" गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं. मग शाईचा डाग चहाचा म्हणून, रक्ताचा डाग रंगाचा म्हणून आणि लिपस्टिकचा डाग तर कशाचा म्हणून येईल ते सांगता येत नाही. सगळी हयात असं ऐकण्यात गेली, की कुणी नुसतं "बरंय ना?" असं विचारलं तरी माणूस मनात म्हणणार, हा का विचारतोय?

डाग मात्र ते राहू देत नाहीत. कपडा हातात आला की लगेच कामाला लागायचं, हा त्यांचा नियम. डाग जितका बसतो तितका घट्ट होतो, असं ते म्हणतात. जेवायला बसले असले आणि कुणी डाग पडलेला कोट घेऊन आलं, तर ताट तसंच राहतं.

त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाफेचा प्रेस होता. दोन जाड पाट्यांच्या मध्ये कोट पसरायचा, पायानं पट्टी दाबायची, की फुस्स करून वाफ सुटायची आणि कोट दुकानातून नवा आणल्यासारखा बाहेर यायचा. कोट, पडदे, दवाखान्यातल्या सिस्टरांचे पांढरे गणवेश, सगळं त्या प्रेसवर चालायचं. चौकात काचेचं मोठं लाँड्रीचं दुकान उघडलं, तिथे एकसारख्या टोप्या घातलेली माणसं कपडे घ्यायला लागली, तरी आमची गल्ली त्या काचेच्या दुकानात गेली नाही ती या प्रेसमुळे. त्या दुकानाच्या मालकानं लाँड्रीवाल्यांना एकदा निरोप धाडला होता, की दुकान बंद करा आणि आमच्याकडे डाग काढायला या. पगार देतो, टोपीही देतो. लाँड्रीवाले बायकोला म्हणाले होते, "टोपी घालायचीच असेल तर मी स्वतःच स्वतःला घालीन."

एका रविवारी दुपारी, गल्ली सामसूम असताना, प्रेसच्या बॉयलरच्या वायरिंगनं पेट घेतला. दोघं वरच राहतात. बायकोला धुराचा वास आला, दोघं धावत खाली आले, बादल्या ओतल्या, ओल्या चादरी टाकल्या आणि कुणाला हाक न मारता आग विझवली. भिंत छतापर्यंत काळी झाली होती. बॉयलर फुटला होता. प्रेसची वरची पाटी वाकडी झाली होती.

बायकोनं आधी धाकट्या भावाला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. हा भाऊ विम्याचा एजंट. अंगाला अत्तर, खिशात दोन पेनं, तोंडावर कायम हसू. दुकानाचा विमा त्यानंच उतरवला होता.

"भाऊजी, कशाला हात लावू नका," तो म्हणाला. "आहे तसं राहू द्या. फोटो काढून पाठवा. कंपनीचा सर्व्हेअर येईल, नुकसान बघेल, मग आवरायचं."

लाँड्रीवाल्यांनी फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "हा हात लावू नका का म्हणतोय?"

"नियम असेल तसा."

"का गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून? उद्या सिस्टर कपडे न्यायला येतील, भिंत बघतील, आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली आपापले कपडे परत न्यायला दारात उभी. त्या काचेवाल्याला आणखी काय हवंय?"

आणि ते कामाला लागले. दोघांनी मिळून भिंती घासल्या, चुना मारला, फुटलेला बॉयलर मागच्या दारानं भंगारात दिला, प्रेसचा सांगाडा पॉलिशनं चकचकीत केला आणि त्यावर स्वच्छ चादर टाकली. धुरकटलेले गिऱ्हाइकांचे कपडे पुन्हा धुतले. मग लाँड्रीवाल्यांना फोटोंची आठवण झाली. त्यांनी ते काढले आणि थेट कंपनीला पाठवले. सोमवारी सकाळी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. पुढे टेबलावर हाताची इस्त्री, मागे पडदा.

हे सगळं मला माहीत, कारण क्लेमचा अर्ज लिहायला ते माझ्याकडे आले. आमच्या शाळेत शिकलेल्या मुलांचे आईबाप अजून मला 'बाई' म्हणतात आणि कुठलाही अर्ज लिहायचा तर माझ्याकडे येतात. लाँड्रीवाल्यांनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकी लावून घेतली, आणि मग म्हणाले, "बाई, गल्लीत बोलू नका. दुकानात आग लागली होती."

अर्ज गेला. आणि कंपनी गप्प बसली.

आधी लाँड्रीवाले रोज फोन करायचे. तिकडे एक बाई गोड आवाजात सांगायची, की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि लगेच सनई वाजायला लागायची. सनई संपली की फोन बंद. एक दिवस लाँड्रीवाले माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या सनईच्या मागे कुणीतरी खोकतं."

"रेकॉर्डिंग असतं हो ते."

"मग रेकॉर्डिंगला खोकला कसा होईल? कुणीतरी बसून ऐकतंय. आपण काय बोलतो ते बघतायत."

"पण आपण तर काही बोलतच नाही. नुसते थांबतो."

"तेच बघतायत," ते म्हणाले. "किती थांबतो ते."

मी दुसरा अर्ज लिहिला, तिसरा लिहिला. तिसरा त्यांनी समोर बसून वाचला. "यात 'कृपया' दोनदा का घातलंत?"

"सभ्यपणा असतो तो."

"त्यांना वाटेल आपण घाबरलोय." मग माझ्याकडे जरा तिरकं बघून, "बाई, तुमचा कुणी नातेवाईक नाही ना त्या कंपनीत?"

मी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या बायकोनं माझ्यासमोर कपाळावर हात मारून घेतला. "अहो, शरम वाटू द्या काहीतरी! बाईंवर संशय?"

"विचारलं फक्त," ते म्हणाले. ते खरोखरच फक्त विचारत होते. मला राग आला नाही. त्यांच्या खांद्याकडे बघून तर नाहीच आला. प्रेस नसल्यामुळे कोट, पडदे सगळं ते हातानं करत होते. उजवा खांदा एका बाजूला झुकला होता, आणि पेन उचलताना सुद्धा ते डावा हात पुढे करायला लागले होते. एका हातानं किती दिवस कोट निघणार? सिस्टरांचे गणवेश उशिरा मिळत होते. काचेच्या दुकानातला निरोप्या आता रस्त्यात भेटला की ओळखीचं हसायचा. कंपनीनं प्रेसचे पैसे दिले नाहीत, तर टोपी घालावी लागणार हे त्यांना कळत होतं, बायकोला कळत होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हते.

संशयाला मात्र दिवसेंदिवस नवी जागा सापडत होती. शेजारचा झेरॉक्सवाला मधल्या भिंतीकडे बघतो, म्हणजे त्याला दुकान बंद पडलं की ते घ्यायचंय. पोस्टमन पाकीट उशिरा देतो. आणि सगळ्यात वर, मेहुणा.

"तुझ्या भावानं हप्ता भरलाच नसेल," एक दिवस ते म्हणाले. "पैसे आपल्याकडून घेतले आणि अत्तरं घेतली."

भाऊ तिथेच पायरीवर बसला होता, हातात चहाचा कप. त्यानं कप खाली ठेवला. "भाऊजी, पावत्या तुमच्या कपाटात आहेत. माझ्या हातानं दिल्यात."

"पावत्या छापता येतात. शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे."

भाऊ उठला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "ताई, मी निघतो," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचा फोनही आला नाही. बायको दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची कडी लावून म्हणाली, "चला. कंपनीत जाऊ. बाई, तुम्हीही चला. यांना एकट्यांना सोडलं तर हे तिथल्या खुर्चीवर सुद्धा संशय घेतील."

कंपनीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. दारात नंबराचा कागद देणारं यंत्र, समोर रांगेत बसायच्या खुर्च्या, आणि काचेमागे एक बाई, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. लाँड्रीवाल्यांनी खुर्चीवर बसण्याआधी ती खरंच हातानं हलवून बघितली. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

आमचा नंबर आला. काचेमागच्या बाईनं क्लेमचा नंबर टाकला, चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. "पाहणी झालीये तुमची. केव्हाच."

"कुणी केली?" लाँड्रीवाले म्हणाले. "कुणी आलेलंच नाही."

"आमचे सर्व्हेअर येऊन गेलेत. शेरा आहे इथे. वाचून दाखवू?" आणि तिनं वाचलं. "प्रत्यक्ष पाहणीत आगीची कुठलीही खूण आढळली नाही. भिंती स्वच्छ, यंत्र चकचकीत. दुकानमालकाने स्वतः आग लागल्याचे नाकारले."

बायकोनं हळूच मान वळवली. "अहो. कोण आलं होतं?"

लाँड्रीवाल्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "तो बॅगवाला असेल."

"कोण बॅगवाला?"

"आला होता एक. राखाडी शर्ट. पडद्याआड डोकावत होता. मला म्हणाला, इथे आग लागली होती म्हणे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मला वाटलं काचेवाल्याचा माणूस. बातमी काढायला आलाय."

"तुम्ही काय म्हणालात ते सांगा."

"म्हटलं, आग? कसली आग? तुमच्या घरी लागली असेल, तिकडे बघा. इथे काही झालेलं नाही." मग हळू आवाजात ते म्हणाले, "पडदा बाजूला करून दाखवलं त्याला. बघ म्हटलं, आहे का कुठे काही?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. बायको हसली नाही. काचेमागची बाईही हसली नाही, तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवला. "आणि हे तुम्ही पाठवलेले फोटो."

फोटोत एक पांढरीशुभ्र भिंत होती. दुसऱ्या फोटोत तीच भिंत, जरा जवळून. तिसऱ्यात स्वच्छ चादर टाकलेला प्रेस.

"अहो, हे आवरल्यानंतरचे आहेत!" बायको म्हणाली.

"आधी फार घाण होतं," लाँड्रीवाले म्हणाले. "तसं कसं पाठवणार परक्या माणसांना?"

मी आयुष्यभर मुलांच्या चुका तपासल्या. पण इतकी नीटनेटकी चूक माझ्यासमोर कधी आली नव्हती.

"पण तुम्ही कळवलं का नाही?" लाँड्रीवाल्यांचा आवाज चढला. "माणूस फोन करकरून मेला. सर्व्हेअरनं तरी सांगायचं ना, मी अमुक आहे म्हणून!"

"ते आधी सांगत नाहीत. आधी सांगितलं की समोरचा माणूस नाटक करतो, असं त्यांचं म्हणणं. आणि फाइल संशयाच्या कपाटात गेली की आम्ही काही बोलत नाही. तसा आदेश आहे."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला चोर समजत होता?"

त्या बाईनं चष्मा काढला. "आणि तुम्ही आम्हाला काय समजत होता?"

ती बाई मनानं वाईट नव्हती. तिनं एका कागदावर लिहून दिलं, की पुन्हा पाहणीचा अर्ज करा, आगीची काही खूण असेल तर दाखवा, आणि आग बघितलेली माणसं असतील तर त्यांच्या सह्या आणा.

परत येताना लाँड्रीवाले आमच्या दोन पावलं पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "बघितलेलं कुणीच नाही. रविवार होता. मीच कुणाला कळू दिलं नाही."

"झेरॉक्सवाल्यांना विचारा," बायको म्हणाली.

"त्याला? त्याला विचारलं की गल्लीभर होईल."

"होऊ दे. का टोपी घालायचीये?"

हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला होता. ते झेरॉक्सच्या दुकानात गेले. आम्ही दोघी मागे. झेरॉक्सवाला कागद लावत होता.

"तुम्हाला... म्हणजे... मागे एका रविवारी आमच्याकडे..." लाँड्रीवाल्यांना ते वाक्य पुरं करता येईना. इतके दिवस ते नाही म्हणत आले होते.

"आग लागली होती, तेच ना?" झेरॉक्सवाला म्हणाला. "माझ्या कागदांना दोन आठवडे वास येत होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, भिंत एकच आहे. गरम झाली होती. मी बादली घेऊन मागच्या दाराशी आलो, तर तुम्ही दार आतून लावलेलं. बायको रडत होती तुमची, तुम्ही तिला गप्प करत होता, कुणाला कळेल म्हणून. मग मी बादली घेऊन परत गेलो. पण भिंतीला हात लावून बसलो होतो गार होईपर्यंत."

"मग नंतर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, तुला कुणी सांगितलं? तूच तर लावली नाहीस ना?"

बायको पदरात तोंड घालून हसली आणि हसताहसता डोळे पुसले. झेरॉक्सवाल्यानं सही केली आणि स्वतःच्याच मशीनवर त्या कागदाची प्रत काढून दिली, पैसे न घेता.

मग सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, "मी गणवेश घालून वॉर्डात गेले तर पेशंट विचारायला लागले, सिस्टर, सिगरेट कोण ओढतंय? घरी पुन्हा धुतले मी सगळे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जीवाला लावून घेतलं असतंत." पोस्टमननं सही केली. त्याच्या कोटालाही वास होता. गल्लीत ज्यांचे कपडे त्या आठवड्यात लाँड्रीत होते, त्या सगळ्यांनी ते घरी गुपचूप पुन्हा धुतले होते, वाळत घातले होते, आणि कुणी शब्द काढला नव्हता. मला माझ्या लोकरी कोटाबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मीही काही सांगितलं नाही.

लाँड्रीवाले त्या संध्याकाळी सह्यांचा कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "वास राहिला होता तर. मला कळलाच नाही." सगळ्या गल्लीनं आपल्याला सांभाळून घेतलं, यापेक्षा एक वास आपल्या नाकातून सुटला, याचंच त्यांना जास्त लागलेलं दिसत होतं. पण जाताना त्यांनी दाराशी मागे वळून विचारलं, "सगळे एकत्र ठरवून गप्प बसले, का आपापले?"

"आपापले," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. तेवढं त्यांना पटलं.

पुन्हा पाहणीला तोच सर्व्हेअर आला. तोच राखाडी शर्ट, तीच बॅग. या वेळी त्यानं दारातच ओळखपत्र दाखवलं. लाँड्रीवाल्यांनी ते घेतलं, उजेडात धरलं, उलटं करून बघितलं आणि परत दिलं. मी आणि बायको पुढच्या बाकावर बसलो होतो. बोलावल्यावरून भाऊही आला होता, पण पायरीवरच उभा होता.

"आज तरी सांगा," सर्व्हेअर म्हणाला. "आग लागली होती की नव्हती?"

"लागली होती."

"खूण?"

लाँड्रीवाल्यांनी पडदा सरकवला. भिंत दुधासारखी पांढरी होती. त्यांनी खिशातून पातं काढलं, डाग खरवडायचं, आणि भिंतीसमोर उभे राहिले. हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी त्यांना तोवर कधीही स्वच्छ गोष्ट खराब करताना बघितलेलं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली.

त्यांनी पातं टेकवलं आणि ओढलं. चुन्याचा पापुद्रा सुटला. खाली राखाडी, आणि आणखी ओढल्यावर काळं, कोळशासारखं. ते खरवडत गेले, खांदा दुखत होता तरी. चुना सगळीकडे उडाला. सर्व्हेअर वाकून बघायला लागला, बोट फिरवलं, वास घेतला, फोटो काढले. प्रेसची चादर काढून वाकडी पाटी मोजली. आता त्याच्या चेहऱ्यावर संशय कमी आणि काम जास्त होतं.

निघताना लाँड्रीवाल्यांचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. चुना आणि काजळी, दोन्ही. "शर्ट काढून ठेवा. आत्ता धुतलं तर निघेल, नंतर बसेल."

सर्व्हेअरनं बाही मागे ओढली. "नको. मी काही घेत नाही कुणाकडून."

"घेत नाही म्हणजे? मी धुवायला मागतोय."

"फुकट ना? तेच ते." आणि तो बॅग छातीशी धरून निघून गेला.

लाँड्रीवाले दारात उभे राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. "केवढा संशयी माणूस आहे," ते म्हणाले.

पायरीवर भाऊ मोठ्यानं हसला. लाँड्रीवाले त्याच्याकडे वळले. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, "तू त्या दिवशी हात लावू नका म्हणालास, ते जरा जोरात सांगायचं होतंस."

"पुढच्या वेळी ओरडून सांगेन, भाऊजी."

"चहा घेऊन जा."

कंपनीचा निकाल आला तेव्हा लाँड्रीवाल्यांनी मला तो तीनदा वाचायला लावला. मागितलं होतं तेवढं सगळं मिळालं नव्हतं. भंगारात दिलेला बॉयलर कुणाला दाखवता आला नाही, म्हणून त्याची किंमत कापली होती. पण प्रेस आला, सेकंडहँड, जरा जुना, पायाची पट्टी थोडी करकरते. लाँड्रीवाल्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि विकणाऱ्याला विचारलं, की हा कुठल्या आगीतून तर आलेला नाही ना. टोपीचा निरोप नंतर कधी आला नाही. त्यांचा खांदा अजून थोडा झुकलेलाच आहे.

भिंत मात्र त्यांनी तशीच ठेवली आहे. पांढऱ्या भिंतीच्या मधोमध तो काळा, खरवडलेला तुकडा. बायको म्हणते, "अहो, चुना मारा आता, किती वाईट दिसतं." ते म्हणतात, "राहू दे. कंपनीचा काय भरवसा? उद्या परत कुणाला पाठवतील."

परवा मी पडदे टाकायला गेले होते. एक अनोळखी गिऱ्हाईक कोट घेऊन उभं होतं. त्याची नजर पडद्याच्या फटीतून मागच्या भिंतीवर गेली. "तिथे काय झालंय हो?"

"आग लागली होती," लाँड्रीवाले म्हणाले, कोटाची घडी उलगडत. मग हात थांबवून त्यांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "का हो? तुम्ही कोण?"